वाचवलेला वेळ कुणाकडे जातो?

दमाणीनगरकर (धागा सुरू करणारा)

नमस्कार मंडळी.

गॅस आला, मिक्सर आला, बँक फोनवर आली, सोलापूरहून पुण्याला जायला वेगवान गाड्या आल्या. प्रत्येक वेळी सांगितलं गेलं की यामुळे वेळ वाचेल, आणि तो वाचलाही. तरी आज ज्याला विचारावं तो 'वेळच नाही ओ' म्हणतो. मग हा वाचलेला वेळ जातो कुणाकडे? हा प्रश्न बरेच दिवस मला सोडत नाहीये, म्हणून हा धागा.

मी पुण्यातल्या एका कंपनीचं काम सोलापुरात घरी बसून करतो. दिवसाचा हिशेब पंधरा-पंधरा मिनिटांच्या चौकटींत भरावा लागतो. थोडा वेळ कीबोर्डला हात लागला नाही की नावापुढचा हिरवा ठिपका पिवळा होतो. अवघड प्रश्न सुटायचा तर कधीकधी खिडकीबाहेर बघत बसावं लागतं, हे असं काम करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. पण 'विचार करत होतो' असं लिहायची त्या चौकटीत सोय नाही. आणि हे मोजणं कामापुरतं राहत नाही. संध्याकाळी सिद्धेश्वर तलावाच्या कडेने चाललं की पावलं मोजली जातात, पुस्तक वाचलं की पानं मोजली जातात, झोपेलासुद्धा सकाळी गुण मिळतात. विश्रांती का घ्यायची, तर उद्या जास्त काम व्हावं म्हणून. माणसाच्या आयुष्यात अशी एकही घटका उरू नये की जिचा कशासाठीच उपयोग नाही, याचं मला भय वाटतं.

हे आजचं नाही, हेही माहीत आहे. फ्रेडरिक टेलर अमेरिकेत स्टॉपवॉच घेऊन मजुरांच्या हालचाली मोजायचा. १९११ साली त्याने आपली पद्धत जगापुढे मांडली. तेव्हा निदान मोजणारा समोर उभा दिसत तरी होता.

आणखी एक गोष्ट इथे सांगतो. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखावृत्तावरून धरतात आणि सोलापूर आहे ७५.९ अंशांच्या आसपास. एका अंशाला चार मिनिटं. म्हणजे आपल्याकडे सूर्य माथ्यावर येतो तेव्हा घड्याळात सरासरी बारा वाजून सव्वीस मिनिटं झालेली असतात. ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ ला लागू झाली. मुंबईने आपली जुनी वेळ पुढे कितीतरी वर्षं सोडली नाही, आणि त्याच जानेवारीत तिथले काही गिरणी कामगार नव्या वेळेविरुद्ध उठले होते. घड्याळ कुणीतरी ठरवलेलं असतं. ठरवलेल्या गोष्टीबद्दल बोलता येतं, भांडताही येतं.

पहाटे किती वाजता उठावं, दिवसाचं नियोजन कसं करावं, हे कृपया इथे नको. आपल्या घरांत, कामांत, सणांत वेळ कसा होता आणि कसा आहे, ते लिहा.

साचाखाता

दमाणीनगरकर, वडील लक्ष्मी-विष्णू मिलमध्ये साचाखात्यात, म्हणजे विणकाम खात्यात होते, म्हणून हे नाव घेतलंय.

जुनी गिरणी १८७७ ची. तिच्यामागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी-विष्णू, जाम मिल. दोन-तीन पिढ्या हे गाव भोंग्यावर उठलं आणि भोंग्यावर जेवलं. आमच्या चाळीत घड्याळ मोजक्या घरांत. आई भोंगा ऐकून चूल पेटवायची आणि शेजारची लेकरं भोंगा ऐकून शाळेला निघायची.

हल्ली भोंग्याबद्दल फार हळवं होऊन लिहितात. मी लिहिणार नाही. १९११ च्या कायद्याने कापड गिरणीतल्या पुरुषाचा दिवस बारा तासांवर आणला. आणला, म्हणजे त्याआधी किती असेल याचा अंदाज करा. रविवारची सुट्टी नारायण मेघाजी लोखंड्यांनी लढून १० जून १८९० ला मिळवली. आठवड्याचे ४८ तास कायद्यात यायला १९४६ उजाडलं. यातलं काहीही कुणी खुशीने दिलेलं नाही.

पण भोंगा दोनदा व्हायचा. एकदा आत जाताना, एकदा सुटताना. सुटायचा भोंगा झाला की मुकादमाची सत्ता तिथं संपली. तालीम, भजनी मंडळ, कलापथक, गणपतीतले मेळे, युनियनच्या सभा, वाचनालय, हे सगळं त्या दुसऱ्या भोंग्यानंतरचं सोलापूर आहे. तुमच्या ठिपक्याला सुटायचा भोंगाच नाही. तुमचं दुखणं तिथं आहे असं मला वाटतं. गिरणीने वडिलांचे तास घेतले, पण उरलेल्या तासांना ती नावं ठेवायला येत नव्हती.

विडीघरकुल

साचाखाता काका, आमच्याकडे भोंगा एकदाही होत नाही.

अम्मा विड्या वळते. हजारावर मजुरी. पानं भिजवायची, फर्मा ठेवून कात्रीने कापायची, मांडीवरच्या सुपातली तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. कारखान्यात दिल्या की त्यातल्या काही बाजूला काढतात, त्याचे पैसे नाहीत. घरी बसून काम, वेळेचं बंधन नाही, असं बाहेरून दिसतं. आत राहून बघा. मी लहान असताना अम्माला कधी हात रिकामे ठेवून बसलेलं पाहिलं नाही. शाळेतली गोष्ट सांगायची तर ती तिच्या बोटांच्या तालावर सांगायची. पाहुणे आले तरी सूप मांडीवर. ताप आला तर तेवढे हजार कमी. वेळ मोजणारं कुणी नाही, पण प्रत्येक मिनिटाला किंमत लागलेली. घरून काम करणाऱ्यांना आता जे नव्याने कळायला लागलंय ते सोलापूरच्या पूर्वभागातल्या बायकांना फार आधीपासून माहीत आहे.

तरी एक लिहिते, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. दुपारी चार-पाच जणी एका ओट्यावर जमतात. तेलुगूत बोलणं चालू असतं. कुणाची सून, कुणाचं बाळंतपण, कुणाच्या पोराची नोकरी. एखादी आजारी असली तर बाकीच्या तिचा थोडा माल वळून देतात. त्या दुपारी कुठल्याच हिशेबात धरलेल्या नाहीत, आणि आमच्या घरकुलातली सगळी अडीअडचण तिथेच निस्तरली जाते. मजुरी हजारावर ठरवणाऱ्याला त्या ओट्याचा पत्ताही नसेल.

नीलमनगर

वाचून बरं वाटलं पण एक विचारतो. हे मोकळ्या वेळाचं काय बोलायलाव ओ तुम्ही? मी टॉवेलच्या कारखान्यात आहे. पाळी बारा तासांची. मालावर पैसे. माग बंद तर पैसे बंद, लाईट गेली तर आम्ही बाहेर बसून असतो आणि तो वेळ आमच्याच खिशातून जातो. तुम्ही म्हणता एखादी घटका बिनकामाची असावी. आमची असते. पण ती आपली वाटत नाही.

दमाणीनगरकर

नीलमनगर दादा, तुमचा मुद्दा धाग्याच्या गाभ्याचा आहे. रिकामा वेळ आणि मोकळा वेळ यांत हाच फरक असावा. लाईट गेल्यावर बाहेर बसलेल्या माणसाचे हात रिकामे असतात, मन मागावरच असतं. माझ्या पगारावर उभं राहून मी मोकळ्या वेळाच्या गोष्टी करतोय, हे मला दिसतंय. म्हणूनच हा प्रश्न एकेकट्याच्या मनःशांतीचा करून टाकायला माझा विरोध आहे. 'स्वतःसाठी वेळ काढा' हा सल्ला बारा तासांच्या पाळीला कुठून लागू होणार?

अभ्यासिका_बी३१

मी स्पर्धा परीक्षा करतोय. आमच्या अभ्यासिकेत किती तास बसला हेच नाव-गाव असतं. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं सुट्टी असा टायमर. चहाला खाली गेलं तरी कुणीतरी घड्याळ बघतं. यंदा गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या वेळी नंदीध्वजांची मिरवणूक जवळून गेली, हलग्यांचा आवाज वरपर्यंत येत होता, आणि खोलीतलं एकही पोरगं उठलं नाही. मीही नाही.

मला तासांबद्दल विचारायचं नाहीये. वर्षांबद्दल विचारायचंय. पूर्व निघाली, मुख्य राहिली, परत पूर्व राहिली. घरी कुणी बोलत नाही, पण सगळ्यांच्या डोळ्यांत एकच वाक्य असतं: वर्षं वाया गेली. वय, लग्न, मित्रांचे पगार, सगळं त्या एका वाक्यात येतं. ही वर्षं मी कुठल्या खात्यात धरू?

मंगळवेढा_शिवार

बाळा, तुझं वाचून लिहायला बसलो.

आमची ज्वारीची काळी रानं. बाहेरच्यांना वाटतं पाऊस पडला की शेतकरी पेरतो. आम्ही तसं करत नाही. खरिपात रान तसंच ठेवतो, पड. मृगापासून पावसाळाभर काही पेरायचं नाही. तण निघालं की कुळव फिरवायचा आणि पडेल ते पाणी जमिनीच्या पोटात जाऊ द्यायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरणी, आणि मग सगळी थंडी ती ज्वारी साठलेल्या ओलीवर येते. भेगा पडायला लागल्या की कोळपणी. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी असं आमच्यात म्हणतात. दाणा भरायला लागला की पाखरं राखायला माळ्यावर बसायचं. फेब्रुवारीच्या सुमारास काढणी. रस्त्यावरून जाणाऱ्याला पावसाळ्यात आमचं रान ओसाड दिसतं. सगळं जग हिरवं आणि हे काळंच.

तेव्हा मोकळं रान म्हणजे वाया गेलेलं रान नव्हे, एवढं मी खात्रीने सांगतो. पण तुला बरं वाटावं म्हणून 'पड ठेवलं की पीक येतंच' असं सांगणार नाही. बहात्तरला रान पड ठेवलेलं होतं, कुळव फिरवलेला होता, सगळं रीतीप्रमाणे होतं आणि पाऊसच आला नाही. खडी फोडायला जावं लागलं. पण गावात कुणी रानाला नावं ठेवली नाहीत. पाऊस आला नाही असंच म्हणाले. जागा थोड्या आणि बसणारी पोरं लाखांनी, हा पावसाचा भाग आहे. तो स्वतःच्या अंगावर घेऊ नकोस. पुढच्या सालाला तेच पीक घ्यायचं का, एवढं मात्र डोळे उघडे ठेवून ठरव. आम्हीही ठरवतो.

येळवशीला ये इकडं. मार्गशीर्ष अमावास्येला आमच्या पट्ट्यात गावं ओस पडतात, सगळे रानात. भज्जी, आंबील, उंडे. त्या दिवशी कुणी औताला हात लावत नाही. ओळखीचा नसलेला माणूस बांधावरून चालला तरी त्याला जेवायला बसवतात.

अभ्यासिका_बी३१

येतो काका. नक्की येतो.

बाळीवेस

नंदीध्वजांचा विषय निघाला म्हणून लिहितो. संक्रांतीच्या सुमारास यात्रेत सातही नंदीध्वज शहराभोवतीच्या अडुसष्ट लिंगांना तैलाभिषेकासाठी निघतात. पायी. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी ते उंच ध्वज तोलत नेतात. दुसऱ्या दिवशी सम्मती कट्ट्यावर अक्षता. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचा विवाह. लोक सकाळपासून उभे असतात आणि अक्षता पडतात त्या काही क्षणांत. हिशेबाने बघितलं तर हा केवढा खर्च. पण यात्रा लवकर आटपली म्हणून आनंद झालेला माणूस मी पाहिलेला नाही. तिथं आपण कशासाठी तरी वेळ देत नाही, सगळे मिळून त्या वेळात असतो.

आता या धाग्याला लागून असलेली खरी गोष्ट. शरण परंपरेत, म्हणजे बसवण्णांच्या परंपरेत सांगतात: सिद्धराम सोन्नलगीत, म्हणजे जुन्या सोलापुरात, तलाव खोदवून घेत होते, देवळं बांधत होते. लोकांच्या भल्याचं काम, हजारो हात राबत होते. तिथं शरण संत अल्लमप्रभू आले आणि 'हा वड्डर (दगडमातीचं काम करणारा) कुठाय' असं विचारत सुटले. कामकरी चिडले, दगड मारायला धावले. सिद्धरामही संतापले. अल्लमांचं म्हणणं असं की तू तलाव खोदलास, स्वतःला खोदलंस का? कामाच्या डोंगराखाली तू कुठे आहेस? त्यानंतर सिद्धराम त्यांच्यासोबत बसवण्णांच्या कल्याणला (आजचं बसवकल्याण) गेले. ज्या तलावाच्या कडेने दमाणीनगरकर पावलं मोजत चालतात, त्याच तलावाची ही कथा. आपल्या ग्रामदैवताच्या कथेत इतका थेट प्रश्न विचारलेला आहे, आणि आपण तो वर्षातून एकदाही विचारत नाही.

नीलमनगर

पण सर, 'कायकवे कैलास' पण तुमच्याच परंपरेतलं ना? काम हाच कैलास. आमच्या आधीच्या मालकाच्या ऑफिसात हेच भिंतीवर लावलेलं होतं.

बाळीवेस

बरोबर बोललात, आणि त्या पाटीचा मला राग येतो. अर्धंच वाक्य लावतात. बसवण्णांच्या कायकासोबत दासोह आहे: कष्टाने मिळवायचं आणि गरजेपुरतं ठेवून बाकीचं समाजाला द्यायचं. आयदक्की मारय्यांची गोष्ट ऐका. सांडलेले तांदूळ वेचणं हे त्यांचं कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा जास्त तांदूळ आणले. बायको लक्कम्मा म्हणाली, ही हाव राजांना शोभते, आपल्याला नाही. जास्तीचे जिथले तिथे टाकून या. बाराव्या शतकातली बाई नवऱ्याला सांगते आहे की आजच्यापुरतं झालं, आता पुरे. कायकाला थांबायची जागा आहे. 'आणखी' एवढा एकच शब्द माहीत असलेल्या कामाला कायक म्हणू नये, असं माझं ठाम मत आहे.

नीलमनगर

हे आवडलं. ही गोष्ट लावा म्हणावं भिंतीवर.

होटगीरोड_गृहिणी

सगळं वाचलं. माझा वेळ कोण ठरवतं ते सांगते: नळ.

पाणी चार-पाच दिवसांआड. तेही कधी संध्याकाळी, कधी रात्री दोनला. उजनी धरणातून शंभर किलोमीटरवरून पाणी येतं, अडचणी असतात, मला कळतं. पण ज्या दिवशी पाणी यायचं त्या दिवशी मी बाहेरगावी जात नाही, रात्री गाढ झोपत नाही, भिशीला जाताना डोळा फोनवर, कारण शेजारीण 'आलं' म्हणून मेसेज टाकते. पाणी भरायला लागतो तास-दीड तास. त्याची वाट बघण्यात जातो अख्खा दिवस. हा दिवस कुठल्या नोंदीत येतो?

केंद्र सरकारने २०१९ मध्ये वेळेच्या वापराची पाहणी केली होती. आपल्याच घरचं बिनपगारी काम करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, पुरुषांची ९७. २०२४ च्या पाहणीत २८९ आणि ८८. म्हणजे पाच वर्षांत बायकांची दहा मिनिटं कमी झाली आणि पुरुषांचीही नऊ. गॅस-मिक्सरने वाचलेला वेळ कुठे गेला, असं दमाणीनगरकरांनी विचारलंय. माझ्या घरातलं उत्तर असं की मिक्सर आल्यावर चटण्या वाढल्या. पूर्वी शेंगाचटणी उखळात कुटायची म्हणून आठवड्याची एकदाच व्हायची आणि सगळे तेवढ्यावर खूश असायचे. आता 'तुला काय, दोन मिनिटांचं काम' असं म्हणून दर दोन दिवसांनी ताजी मागतात. काम सोपं झालं की मागणी वाढते आणि वाचलेलं सगळं मागणाऱ्याकडे जातं.

साचाखाता

ताई, गिरणीतही हेच झालं. दोन मागांवर एक माणूस होता. यंत्रं सुधारली की त्याच माणसाला चार माग दिले. यंत्राने वाचवलेला वेळ त्या माणसाला परत देण्यासाठी कायदा लागला, संप लागले. आपोआप मिळत नाही. केन्स नावाच्या अर्थतज्ज्ञाने १९३० साली लिहिलं होतं की शंभर वर्षांत माणसाला आठवड्याला पंधरा तास काम पुरेल. ती शंभर वर्षं भरत आलीत आणि मोठे उद्योगपती सत्तर-नव्वद तासांच्या गोष्टी करतायत. २०२५ च्या सप्टेंबरात आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने कारखान्यातला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत न्यायला मंजुरी दिली. आठवड्याची मर्यादा ४८ तासच आहे, जास्तीच्याला संमती आणि वाढीव मोबदला लागेल, हे सगळं कागदावर आहे. पण मालावर मजुरी घेणारा माणूस संमती नाकारणार कसा, ते नीलमनगरने सांगावं.

नीलमनगर

नाकारणार नाही. घरभाडं आहे.

आठ तास झाले आणि तेवढेच पैसे मिळाले तर काय करशील, असं बायकोने एकदा विचारलं होतं. आधी झोपेन म्हटलं. मग पोरीला सायकल शिकवेन. याच्यापुढचं सुचलं नाही.

दमाणीनगरकर

दादा, माझ्या प्रश्नाला मी इतके दिवस चुकीच्या ठिकाणी उत्तर शोधलं असं नाही, पण तुमच्या आणि ताईंच्या लिहिण्याने ते नेमकं झालं. वेळ वाचवायची साधनं आपल्या हातात आली, वाचलेल्याचा वाटा कुणाला हे ठरवायचा हक्क आला नाही. पोरीच्या सायकलीला कुणाची परवानगी लागू नये. माझ्यापुरतं सांगायचं तर आमच्या गटात मी संध्याकाळी सातनंतरचे मेसेज बंद करण्याचा विषय काढला आहे. तिघे सोबत आहेत, बाकीचे घाबरतायत. साचाखाता काका म्हणतात तो सुटायचा भोंगा आम्हाला हवाय.

होटगीरोड_गृहिणी

मग नळाचंही काढा ना. पाणी जास्त द्या असं मी म्हणतच नाहीये. कधी येणार ते आदल्या दिवशी सांगा आणि सांगितलेली वेळ पाळा. एवढ्याने गल्लीतल्या सगळ्या बायकांचा एकेक दिवस सुटेल.

साचाखाता

निवेदनाचा मसुदा मी लिहितो, युनियनमुळे हात बसलेला आहे. दोनच मागण्या ठेवू: आदल्या दिवशी वेळ कळवा, आणि रात्री अकरा ते पहाटे पाच पाणी सोडू नका. तिसरी घातली की पहिल्या दोन मागे पडतात.

विडीघरकुल

काका, आमच्या भागातल्या सह्या मी आणते. एक प्रत तेलुगूत पण लागेल, ओट्यावर वाचून दाखवायला. ती मी करते, मसुदा झाला की इथेच टाका.